ज्येष्ठ वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मेंदू-प्रतिमांकनाचा ऐच्छिक अभ्यासक्रम : स्वरूप आणि अध्यापन

प्रस्तावना

वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात 'ऐच्छिक विषय' ही कल्पना आपल्याकडे तशी नवीन आहे. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतील प्राध्यापकांना ऐच्छिक विषय म्हटले की वर्षभर चालणारी एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका आठवते. वैद्यकात तिचे स्वरूप निराळे आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. त्यात तृतीय एम.बी.बी.एस.च्या पहिल्या भागाची परीक्षा संपल्यानंतर विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयात काम करावे यासाठी दोन महिने राखून ठेवण्यात आले. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नियमांत हा काळ एक महिन्यावर आणला. या काळासाठी वेगळी लेखी परीक्षा नाही. मात्र ७५ टक्के उपस्थिती आणि पूर्ण केलेली नोंदवही असल्याशिवाय अंतिम परीक्षेस बसता येत नाही.

अशा ऐच्छिक विषयांपैकी मेंदू-प्रतिमांकन, म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय इत्यादी साधनांनी मेंदूची चित्रे घेणे व ती वाचणे, हा एक विषय होय. तो निवडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे पुढे क्ष-किरणतज्ज्ञ होतात. बहुतेकजण आंतरवासिता पूर्ण करून कुठेतरी वैद्यकीय अधिकारी होतील, कोणी बालरोगाकडे जाईल, कोणी अस्थिरोगाकडे. मग हातात असलेल्या मोजक्या दिवसांत त्यांना नेमके काय शिकवावे? तज्ज्ञाच्या शेजारी बसवून दिवसाकाठी पन्नास चित्रे दाखविणे हा सोपा मार्ग आहे आणि बहुधा तोच अवलंबिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यातून विद्यार्थ्याच्या हाती फारसे लागत नाही. तज्ज्ञाचा अहवाल येण्यापूर्वी स्वतः पाहणे, आणि पाहण्यापूर्वी प्रश्न विचारणे, या दोन सवयी लागल्या तर हा अभ्यासक्रम सार्थकी लागला असे म्हणता येईल. त्या सवयी का आवश्यक आहेत आणि कशा लावता येतील, याचे विवेचन येथे केले आहे.

चित्र कसे घडते

रोंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तरी त्यानंतर पाऊणशे वर्षे जिवंत माणसाचा मेंदू कोणाला दिसला नव्हता. कवटी दिसे, तिला गेलेले तडे दिसत; आतला मऊ अवयव मात्र सावलीरूपानेही उमटत नसे. वॉल्टर डँडीने १९१८-१९ च्या सुमारास मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार पाहिला. लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७ मध्ये मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखविल्या. दोन्ही पद्धती रुग्णाला अतिशय त्रासदायक होत्या आणि दोन्हींत मेंदूविषयी जे कळे ते केवळ अनुमानाने. पोकळी एका बाजूने दबली आहे, तेव्हा शेजारी गाठ असावी. रक्तवाहिनी ढकलली गेली आहे, तेव्हा तिथे काहीतरी वाढत असावे.

हे चित्र बदलले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमधील विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात. संगीताच्या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हौन्सफील्ड आणि त्या रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोज यांनी एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला. मेंदूच्या आडव्या कापाचे ते चित्र ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकोनांचे होते. आज एका कापात अडीच लाखांहून अधिक चौकोन असतात. हौन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावयाची गोष्ट या चौकोनांत आहे. प्रत्येक चौकोन हा मुळात एक आकडा असतो. क्ष-किरण त्या ठिकाणी किती अडले, हे तो सांगतो. या मापनात पाणी शून्य आणि हवा उणे हजार धरली आहे. मेंदूभोवतीचे पातळ द्रव शून्य ते पंधराच्या आसपास, मेंदूतील श्वेत द्रव्य पंचवीस-तीसच्या आसपास, करडे द्रव्य पस्तीस-चाळीसच्या आसपास. ताजे गोठलेले रक्त साठ ते ऐंशी. चुन्याचे साठे शंभराच्या वर आणि हाड त्याहून पुष्कळ वर. म्हणजे ज्या श्वेत आणि करड्या द्रव्यांतील भेदावर मेंदूचे सारे वाचन आधारलेले आहे, तो भेद जेमतेम दहा अंकांचा आहे. उणे हजारापासून अधिक हजारापर्यंतचे सारे आकडे पडद्यावर एकदम दाखविले तर मेंदू एकाच करड्या रंगाचा गोळा दिसेल. म्हणून त्यांतील एक लहान पट्टा निवडून तेवढाच पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ताणावा लागतो. या निवडीस व्यवहारात 'विंडो' म्हणतात. मेंदूसाठी साधारणतः ऐंशी अंकांचा पट्टा घेतात, शून्याखालचे सारे काळे, ऐंशीच्या वरचे सारे पांढरे.

इथेच एक धोका आहे. कवटीच्या आतल्या कडेला रक्ताचा पातळ थर असेल, तर या पट्ट्यात हाडही पांढरे आणि रक्तही पांढरे. थर हाडातच मिसळून जातो. पट्टा दोनशे अंकांपर्यंत रुंद केला की तो वेगळा निघतो. उलट, रक्तपुरवठा नुकताच तुटलेला भाग शोधावयाचा असेल तर पट्टा चाळीसपर्यंत अरुंद करावा लागतो. छापलेल्या फिल्मवर हे शक्य नव्हते. तंत्रज्ञाने जी विंडो निवडली तीच सर्वांनी पाहावयाची. आज संगणकाच्या पडद्यावर ते क्षणात होते, आणि तरीही असंख्य डॉक्टर मोबाइलवर आलेले एकाच विंडोचे छायाचित्र पाहून निर्णय घेतात. ऐच्छिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण प्रत्येक स्कॅन तीन विंडोंत पाहण्याची सवय त्याच्या बोटांना लागली पाहिजे.

पांढरे दिसते ते सारे रक्त नव्हे, हेही आकड्यांवरूनच शिकविता येते. प्रौढ माणसाच्या मेंदूमध्ये पिनियल ग्रंथीत चुन्याचे कण सर्रास आढळतात. ते पाहून नवखा विद्यार्थी घाबरतो. कर्सर त्यावर नेऊन आकडा वाचला आणि तो दीडशे निघाला, तर ते रक्त नसल्याचे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

पक्षाघात : पहिला तास

समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात पहाटे अडीच वाजता साठीच्या एका गृहस्थांना आणले आहे. दीड तासापूर्वी पाणी प्यायला उठले असता उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणे बंद झाले. सीटी यंत्र आहे, तंत्रज्ञ आहे. अहवाल देणारा तज्ज्ञ मात्र दूरच्या शहरात आहे आणि त्याच्यापुढे आणखी दहा चित्रे रांगेत आहेत. पडद्यासमोर उभा आहे तो वर्षभरापूर्वी पदवी घेतलेला वैद्यकीय अधिकारी. मेंदू-प्रतिमांकनाचा अभ्यासक्रम आखताना हा प्रसंग सतत डोळ्यांपुढे ठेवावा, असे वाटते.

रक्तस्रावाने झालेला पक्षाघात आणि गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटून झालेला पक्षाघात रुग्णाकडे पाहून खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीने गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो हे दाखविले. २००८ च्या युरोपीय चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच औषध प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे साध्या सीटीला विचारावयाचा पहिला प्रश्न एकच : रक्त आहे की नाही? ताजे रक्त पांढरे दिसते आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात मिळते.

अडचण दुसऱ्या उत्तराची आहे. गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांतला सीटी पुष्कळदा अगदी स्वच्छ दिसतो. अहवालावर 'नॉर्मल' असा शब्द येतो आणि नातेवाईकांपासून परिचारिकेपर्यंत सर्वांना हायसे वाटते. वास्तविक त्या क्षणी 'नॉर्मल' याचा अर्थ 'औषध देण्याची संधी अजून आहे' एवढाच असतो. जेफ्री सेव्हर यांच्या २००६ मधील गणितानुसार मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. स्वच्छ स्कॅन पाहून निर्धास्त झालेला डॉक्टर रुग्णाला सकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवतो, आणि सकाळपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अज्ञानापेक्षा अहवालावरील हा विश्वास अधिक हानी करतो.

सरावलेल्या डोळ्यास त्या स्वच्छ चित्रातही खुणा दिसू शकतात. मेंदूच्या बाजूस जाणारी मुख्य रोहिणी गुठळीमुळे नेहमीपेक्षा पांढरी दिसते. इन्सुला नावाच्या भागाची करडी पट्टी पुसट होते. मेंदूच्या दोन बाजूंची तुलना केली असता एका बाजूच्या खाचा किंचित भरल्यासारख्या वाटतात. कॅल्गरी येथील संशोधकांनी २००० मध्ये याच खुणांवर दहा भागांची गुणपद्धती बसविली. प्रत्येक बाधित भागासाठी दहातून एक गुण वजा करावयाचा. ही पद्धती विद्यार्थ्यांना आवडते, कारण तिच्यामुळे 'पाहा' या मोघम सूचनेऐवजी कोठे पाहावयाचे हे ठरते. पूर्वीची चाळीस चित्रे देऊन, उजवी-डावी तुलना करवून, ती त्यांच्याकडून घोटून घ्यावी.

एमआरआयचे येथे वेगळे स्थान आहे. पाण्याच्या रेणूंची पेशींमधील हालचाल टिपणारी जी पद्धत आहे, तिच्यात रक्तपुरवठा तुटलेला भाग लवकरच ठळक दिसू लागतो. मोझली व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांजरांवरील प्रयोगांत ते प्रथम दाखविले. तथापि पहाटे अडीच वाजता तालुक्याच्या गावी एमआरआय नसतो, म्हणून त्याचा विस्तार पहिल्या पंधरवड्यात करू नये. सुरक्षेचे पाठ मात्र आधीच द्यावेत. दीड टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते, आणि ते यंत्र स्कॅन चालू नसतानाही कार्यरत असते. मुंबईत जानेवारी २०१८ मध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर नेला गेल्याने रुग्णाच्या एका तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. विद्यार्थ्याने खोलीत पाय ठेवण्यापूर्वी ही घटना त्याला सांगावी.

पाहणे आणि दिसणे

ट्रॅफ्टन ड्रू व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या प्राध्यापकांस परिचित असेल. चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुफ्फुसांच्या सीटीमध्ये लहान गाठी शोधावयास सांगितले आणि शेवटच्या चित्रांत गोरिलाची आकृती घातली. ती गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठी होती. चोवीसपैकी वीस तज्ज्ञांना ती दिसली नाही, आणि नजरेचा माग घेतला असता त्यांतील बहुतेकांची दृष्टी तिच्यावर पडून गेली होती. तज्ज्ञांची ही गत, तर विद्यार्थ्याचे काय? शिवाय एक दोष सापडला की शोध थांबविण्याकडे मनाचा कल असतो. कवटीचा तडा सापडल्याच्या आनंदात समोरच्या बाजूचा रक्ताचा साठा नजरेतून सुटतो.

यावर उपाय म्हणजे पाहण्याचा क्रम ठरविणे. रुग्णाचे नाव व तारीख, मग कवटी, आवरणांखालील जागा, खाचा, पोकळ्या, मध्यरेषा, दोन्ही अर्धगोल, लहान मेंदू, शेवटी डोळ्यांच्या खोबण्या व सायनस. क्रम कोणताही असो, तो दर वेळी तोच असावा. आमच्या पिढीला हे कोणी सांगितले नाही; चुका करतच ते कळले.

वृद्धांतील एक फसवे चित्र या संदर्भात आवर्जून दाखवावे. डोक्यास मार लागून दोन-तीन आठवडे झाले असता कवटीखाली साठलेल्या रक्ताचा पांढरेपणा ओसरतो आणि ते मेंदूच्याच रंगाचे होते. साठा दोन्ही बाजूंस असेल तर मध्यरेषाही सरकत नाही. काहीच वावगे दिसत नाही; दिसते ते एवढेच की पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांचा मेंदू विशीतल्या तरुणासारखा भरीव आहे, खाचा मिटलेल्या, पोकळ्या लहान. वयाच्या मानाने फार चांगला दिसणारा मेंदू संशयास्पद समजावा. हे वाक्य विद्यार्थी विसरत नाहीत, असा अनुभव आहे.

कड्याच्या आकाराची गाठ

परदेशी पाठ्यपुस्तकांवर आधारलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलण्यातील धोका एका उदाहरणाने स्पष्ट होतो. भारतात सीटी यंत्रे आल्यानंतर फेफऱ्याच्या अनेक तरुण रुग्णांत एक विशेष चित्र दिसू लागले. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर कड्यासारखी चमकणारी एकच लहान गाठ, भोवती सूज, बाकी मेंदू निरोगी. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण मोठे. तेव्हा ही क्षयाचीच गाठ, असे गृहीत धरून क्षयावरील औषधे दीर्घकाळ दिली जात. काही महिन्यांनी पुन्हा सीटी करावा तर गाठ नाहीशी झालेली. निदान बरोबर होते, असाच निष्कर्ष कोणीही काढला असता.

पुढे असे आढळले की क्षयाची औषधे न देताही यांतील पुष्कळ गाठी आपोआप विरतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर व सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की त्या डुकरातील पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या आहेत. (या कृमीची अंडी दूषित अन्न-पाण्यातून वा अस्वच्छ हातांतून पोटात जातात, त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो. नातेवाइकांना हे समजावणे कठीण जाते.) पुढे १९९३ मध्ये याच गटाने दोहोंतील भेद मांडला : गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, मध्यरेषा न सरकविणारी आणि रुग्णात वाढत जाणारी दुर्बलता नसेल तर कृमीकडे कल, मोठी, वेडीवाकडी, मध्यरेषा ढकलणारी असेल तर क्षयाकडे.

या कथेस अभ्यासक्रमात अख्खी एक दुपार द्यावी, असे मला वाटते. विद्यार्थ्यांना आधी फक्त चित्र द्यावे, मग रुग्णाची माहिती, मग तीन महिन्यांनंतरचे चित्र, आणि शेवटी वेल्लोरचे निष्कर्ष. 'औषध दिले आणि गाठ गेली' या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याची घाई आपण सर्वजण कशी करतो, हे त्यांना स्वतःच्याच उत्तरपत्रिकेत दिसते. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनी त्या दुपारी वर्गात येऊन बसण्यास हरकत नाही.

मागणीपत्र, रुग्ण आणि संगणक

स्कॅनच्या मागणीपत्रावर 'डोकेदुखी' एवढाच शब्द असतो, ही क्ष-किरण विभागांची सार्वत्रिक तक्रार आहे. डोकेदुखी अचानक विजेसारखी सुरू झाली की सहा महिने रोज संध्याकाळी होते, यावर वाचणाऱ्याचा डोळा कोठे जाईल हे ठरते. अचानक सुरू झालेल्या तीव्र डोकेदुखीत मेंदूच्या आवरणांखालील रक्तस्राव सीटीवर पहिल्या सहा तासांत जवळजवळ निश्चितपणे दिसतो, पुढे ती खात्री कमी होत जाते. म्हणून दुखणे किती वाजता सुरू झाले, हेही लिहावयास हवे. ऐच्छिक काळात विद्यार्थ्याने रोज दोन रुग्णांना वॉर्डात जाऊन तपासावे, मागणीपत्र स्वतः लिहावे, त्यात एक स्पष्ट प्रश्न असावा, आणि स्कॅन झाल्यावर अहवाल उघडण्यापूर्वी आपले वाचन नोंदवहीत शाईने लिहावे. पेन्सिल नको; नंतर खोडण्याचा मोह होतो.

विचारलेल्या प्रश्नाबाहेरचेही काही दिसते, आणि ते रुग्णास कसे सांगावे हा वेगळाच पेच आहे. रॉटरडॅम येथील दोन हजार सर्वसामान्य व्यक्तींच्या एमआरआयचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७.२ टक्के लोकांत नकळत होऊन गेलेला पक्षाघात, १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीचा फुगा आणि १.६ टक्के लोकांत निरुपद्रवी प्रकारच्या गाठी आढळल्या. यांपैकी पुष्कळांना आयुष्यभर काही झाले नसते. अशी गाठ कळल्यावर घरातली झोप उडते ती मात्र खरी असते.

संगणकीय वाचनाचा उल्लेख आता टाळता येणार नाही. मुंबईतील क्यूर डॉट एआय या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील सुमारे वीस केंद्रांवरील तीन लाखांहून अधिक सीटी स्कॅन वापरून रक्तस्राव, कवटीचा तडा, मध्यरेषेचे सरकणे इत्यादी ओळखणारी प्रणाली तयार केल्याचे नोंदविले आहे. तज्ज्ञ दूर असेल तेथे अशा प्रणालींचा निश्चित उपयोग आहे, विशेषतः रांगेतले कोणते चित्र आधी पाहावे हे ठरविण्यासाठी. पण वर वर्णन केलेल्या गृहस्थांच्या स्कॅनमध्ये प्रणालीने 'रक्तस्राव नाही' असे सांगितले तर पुढे काय करावयाचे, हे रुग्ण तपासलेल्या माणसालाच ठरवावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रणालीचे उत्तर तज्ज्ञाच्या अहवालाप्रमाणेच, स्वतःचे लिहून झाल्यावर पाहावे.

मूल्यमापन

एका शिक्षकाकडे चारापेक्षा अधिक विद्यार्थी असू नयेत. पडद्याभोवती दहाजण उभे राहिले की मागच्या सहांना शिक्षकाची पाठच दिसते. मनुष्यबळाची चणचण लक्षात घेता हे कठीण आहे, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काही तासांचे काम सोपविता येईल, आणि शिकविल्याने त्यांचेही शिकणे होईल.

शेवटच्या दिवशी दुर्मीळ रोगांची परीक्षा घेण्याचे कारण नाही. वीस स्कॅन द्यावेत, प्रत्येकासोबत दोन ओळींत रुग्णाची हकीकत. निदानाचे नाव विचारू नये. आता तुम्ही काय कराल, कोणाला फोन कराल आणि फोनवर पहिले वाक्य काय बोलाल, हे विचारावे. वीसपैकी सहा-सात स्कॅन पूर्णपणे निरोगी ठेवावेत आणि ते विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. काहीतरी सापडलेच पाहिजे या दडपणाखाली निरोगी मेंदूत रोग दिसू लागतात. महिनाभर रोगांची चित्रे पाहिलेल्या विद्यार्थ्याला 'यात मला काही दोष आढळत नाही, तरीही रुग्णाची लक्षणे पाहता मी त्याला पुढच्या रुग्णालयात पाठवीन' असे लिहिण्यास किती वेळ लागतो, याची नोंद शिक्षकाने घड्याळ लावून घ्यावी.